उजव्या पायाचा अंगठा

“पण पाय कापल्यावर लोकांनी ओठ कुठं टेकायचे?”

सारंगबुवांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं. डॉक्टर फरहाना इनामदार यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा लावला. इतक्या वर्षांच्या नोकरीत रोग्यांच्या माणसांनी त्यांना नाना प्रश्न विचारले होते. हा नवीन होता.

“बुवा, मी बाबांच्या जिवाबद्दल बोलतेय.”

“मीही त्याबद्दलच बोलतोय. पौर्णिमेपर्यंत थांबता नाही का येणार?”

“संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबता येणार नाही. काळं घोट्याच्या वर चढलंय. आत्ता निघालो तर गुडघ्याखाली भागेल. उद्या मांडीत कापावं लागेल. परवा मी येणारच नाही.”

“का?”

“माझं काम उरणार नाही म्हणून.”

खाटेवर पडलेले सोमाजीबाबा हसले. त्यांना ताप होता आणि ओठ सुकले होते, पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना आवडलं असावं.

दुधना नदीच्या काठावरचा हा मठ तसा लहान. एक दगडी ओवरी, मागं स्वयंपाकाची पत्र्याची खोली, पुढं लिंबाचं झाड. रीत मात्र जगावेगळी. बाकीच्या मठांत लोक पायांवर डोकं ठेवतात. इथं गादीवरच्या बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा धुतात आणि त्याला ओठ लावतात. ही रीत कुठून आली ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं फकिरांकडून आली, कुणी म्हणतं पहिले बाबाच तसे विक्षिप्त होते. आसपासच्या गावांतली टवाळ पोरं तोंडाचा चंबू करून मठाचा पत्ता सांगतात.

सोमाजीबाबांनी त्या पोरांना कधी रागावलं नाही. सारंगबुवांना मात्र ते फार लागायचं.

सारंगबुवा मूळचे डोंबिवलीचे, सारंग गुप्ते. पूर्वी एका पर्यटन कंपनीत होते. मराठी मंडळींचे गट घेऊन देशोदेशी जायचे, त्यांचे पासपोर्ट सांभाळायचे, गुडघेदुखीच्या गोळ्या वाटायचे आणि बसमध्ये माईक हातात घेऊन माहिती सांगायचे. मठात आल्यावर माईक सुटला नाही. दर पौर्णिमेला ते चुंबनावर प्रवचन करायचे. ज्या रीतीची लोकांना लाज वाटायची, तिचा त्यांच्यामुळं अभिमान वाटायला लागला. शहरांतून गाड्या यायला लागल्या. येत्या गुरुपौर्णिमेला बाबा त्यांना गादी देणार, हे गावोगावी कळलं होतं.

आणि पौर्णिमा तोंडावर आली असताना हा पाय सडला.

“डॉक्टरीणबाई,” सोमाजीबाबा म्हणाले, “तुमी जरा वसरीत बसा. च्या घ्या. मला ह्याच्याशी बोलायचंय.”

“बाबा, वेळ नाहीये.”

“म्हून तर.”

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. लिंबाखाली दवाखान्याची गाडी उभी होती आणि दोन माणसं स्ट्रेचरला टेकून तंबाखू मळत होती.

खोलीत उदबत्त्यांचा धूर कोंदला होता. गेले काही दिवस सारंगबुवा सारख्या उदबत्त्या लावत होते. वास तरीही यायचाच.

“तू ठरीव,” बाबा म्हणाले.

“मी? काय ठरवू?”

“कापायचा का ठिवायचा.”

“बाबा, पाय तुमचा आहे.”

“पाय माझा हाय. पर धरलाय तू. तू सोडल्याबिगर मी त्यांना कसा देऊ?”

 सारंगबुवांनी उदबत्तीची राख झाडली.

“माझं ऐकाल?” ते म्हणाले. “तुम्हाला दुखत असेल तर क्षणभरही थांबायला नको. पण तुम्हाला दुखत नाहीये, असं तुम्हीच म्हणता.”

“दुखत नाही. वरीस झालं, त्या पायाला काहीच कळत नाही.”

“वर्ष?”

“गेल्या वर्साच्या गुरुपौर्णिमेला पानी उकळतं घातलं कुनीतरी. कातडं सोललं, तवा मी खाली बघितलं. मंग समजलं, की सकाळपासून लोकांचे ओठ लागायलेत त्ये बी मला कळंना.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू माईकवर बोलत हुतास. चुंबनानं चैतन्य कसं वाहतं, त्ये.”



बाहेर कपबशीचा आवाज झाला. डॉक्टरीणबाईंना कुणीतरी चहा दिला होता.

“बाबा, तुम्ही थट्टा करा,” सारंगबुवा म्हणाले, “पण मी उगाच बोलत नव्हतो. मी जग पाहिलंय. फ्रान्समध्ये गालाला गाल लावतात आणि ओठ हवेत वाजवतात. आखातात मित्र भेटला की नाकाला नाक टेकवतात. आपल्या फरहानाबाईंच्या घरी भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून ओठांना लावतील, मग डोळ्यांना. आपल्याकडची म्हातारी लेकराच्या हनुवटीला हात लावते आणि तीच बोटं स्वतःच्या ओठांशी नेते. तऱ्हा वेगळ्या, अर्थ एकच. मी तुझ्यापुढे लहान आहे.”

“म्हातारी लेकरापुढं ल्हान असती व्हय?”

“तसं नाही…”

“मंग कसं?”

 प्रवचनात मध्येच कुणी प्रश्न विचारत नसे, त्यामुळं उत्तर द्यायची सवय सारंगबुवांना राहिली नव्हती.

“खरी अडचण सांग,” बाबा म्हणाले.

“खरी अडचण गादीची आहे.” सारंगबुवांनी शेवटी सांगून टाकलं. “पौर्णिमेला सगळ्यांसमोर मी तुमच्या अंगठ्याला ओठ लावायचे, मग तुम्ही मला शेजारी बसवायचं. आजवर असंच होत आलंय. अंगठाच नसेल तर…”

“डावा हाय की.”

“डाव्याची रीत नाही, बाबा.”

“तुझा दाव.”

“काय?”

“पाय. उजवा. हिकडं कर.”

सारंगबुवांनी नाइलाजानं पाय पुढं केला. बाबांनी तो हातात घेतला. टाच मऊ होती. एकही भेग नव्हती, नखं गोल कापलेली होती. दगडधोंड्यांतून हिंडणाऱ्या बैराग्याचा तो पाय नव्हता.

“काय लावतोस?”

“खोबरेल.”

“कवापासनं?”

सारंगबुवांनी पाय मागं घेतला.

“होळीपासून,” ते म्हणाले. “गादीचं ठरलं तेव्हापासून.”

बाबांना हसू आलं, पण ते खोकल्यात गेलं आणि खोकला बराच वेळ थांबेना. सारंगबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाबांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, पाठीमागं उशी सारली.  बाबांवर त्यांचा जीव होता, यात खोटं काही नव्हतं. हा माणूस आज मरू शकतो आणि आपण खोबरेल तेलाबद्दल बोलतोय, हे त्यांना अचानक कळलं आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली.

दारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “बाबा, निघायचं ना?”

“निघू,” बाबा म्हणाले. “ह्याचं व्हायचंय अजून.”

डॉक्टरीणबाई दारात जराशा थांबल्या. त्यांनी सारंगबुवांकडं रागानं पाहिलं आणि परत वसरीत जाऊन बसल्या.

“त्यो रोमचा पाय सांग,” बाबा म्हणाले.

“आत्ता?”

“सांग.”

सारंगबुवांना ते पाठच होतं. त्यांचा आवाज आपोआप बसमधला झाला. “रोममध्ये एक फार मोठं चर्च आहे. आत एका संताची ब्राँझची मूर्ती बसलेली आहे. शेकडो वर्षं लोक येतात आणि तिच्या उजव्या पायाला हात लावतात, ओठ लावतात. इतके ओठ, इतके हात, की पायाची बोटं झिजून गेली. पाय वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालाय. धातू झिजवण्याचं बळ माणसाच्या श्रद्धेत असतं.”

“मंग?”

“मग काय? एवढंच.”

“मंग तू पानी पितोस.”

“कधी?”

“दर टायमाला. फ्रान्स झालं, आखात झालं, तवा नाही. रोम झालं की हात तांब्याकडं जातो. घटाघटा पितोस आन् दुसरंच काढतोस.” बाबांनी डोळे मिटले. “आत्ता बी गेला बघ.”

सारंगबुवांनी तांब्याकडं गेलेला हात मागं घेतला.

“तिथं काय झालं, सारंगा?”

…

“फोन आला,” सारंगबुवा म्हणाले.

“कुनाचा?”

“बायकोचा. मी त्या मूर्तीपाशी गटाला हेच सांगत होतो. फोन खिशात सारखा थरथरायला लागला, म्हणून बाहेर पायऱ्यांवर आलो. रेवाला डेंग्यू झाला होता. आदल्या दिवशी साधा ताप होता, म्हणजे तसंच वाटलं होतं. रेवा म्हणजे माझी मुलगी.”

मठात राहायला आल्यापासून त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. आपल्याला मुलगी होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मिळेल त्या विमानानं आलो. पोचलो तेव्हा तिला गुंडाळलेलं होतं. तोंड बघू नका, म्हणाले. नाकातोंडातून रक्त गेलं होतं, तुम्हाला सहन होणार नाही, म्हणाले. मी हट्ट करायला पाहिजे होता की नको, मला अजून कळत नाही. पाय तेवढे उघडे होते. लहान होती हो. एका पायाला निळं नेलपेंट होतं, दुसऱ्याला लावायचं राहिलं होतं.”

बाबांनी डोळे उघडले.

“मी तिच्या तळव्यांचा मुका घेतला. ती तान्ही असताना घ्यायचो तसा. तान्ही असताना ती पाय ओढून घ्यायची आणि हसायची. तिला गुदगुल्या व्हायच्या.”

“आन् तवा?”

“तेव्हा थंड होते.”

चुंबनावर तासन् तास बोलणाऱ्या माणसानं मुका हा शब्द बहुधा पहिल्यांदाच वापरला असावा.

“हितं कसा आलास?”

“भटकत. बायको माहेरी गेली, मला घरात राहवेना. कुणीतरी म्हणालं, तिकडे एक मठ आहे, तिथं पायाचं चुंबन घेतात. मला वाटलं, बघू तरी. रांगेत उभा राहिलो. अंगठ्याला ओठ लावले…” सारंगबुवांचा आवाज फुटला. “गरम होता, बाबा. तुमचा पाय गरम होता. मी रांग सोडून बाहेर आलो आणि परत रांगेत उभा राहिलो. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच करत होतो.”

“ठाऊक हाय. म्हून तर ठिवून घेतला तुला.”

सारंगबुवा रडायला लागले. रडणं दाबायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. वसरीतल्या माणसांना ते ऐकू गेलं आणि त्यांचं बोलणं थांबलं.

बाबांनी त्यांना मनसोक्त रडू दिलं. मग वाकून आपल्या पायावरचं फडकं बाजूला केलं.

अंगठा कोळशासारखा काळा पडला होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं. फडक्याखाली दबलेला वास एकदम वर आला आणि उदबत्त्यांचा काही उपयोग उरला नाही.

“लाव ओठ.”

“बाबा…”

“किती दिस झाले लावून?”

सारंगबुवांनी मान खाली घातली. अंगठा काळा पडायला लागला तेव्हापासून ते खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला उभे राहत होते. लोकांनाही त्यांनी लांबूनच दर्शन घ्यायला सांगितलं होतं, बाबांना त्रास नको म्हणून.

त्यांनी हात पुढं केला, दोन बोटं अंगठ्याला जेमतेम टेकवली आणि आपल्या ओठांशी नेली.

“ती म्हातारीची तऱ्हा झाली,” बाबा म्हणाले. “तू लोकांसाटी हा पाय मागतोस ना पौर्णिमेपातुर? बाया येत्याल, लेकरं घिऊन येत्याल. त्यांनी लावायचे, त्याआधी तू लाव.”

सारंगबुवा गुडघ्यांवर बसले. श्वास रोखून धरला. डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटलेले डोळे त्यांना लबाडी वाटली असावी. आणि त्यांनी वाकून ओठ लावले.

ते लगेच मागं झाले नाहीत. घाणीमुळं माणूस झटकन मागं होतो, पण त्यांना घाण जाणवलीच नसावी. ते तसेच वाकलेले राहिले. मग हळूच मान वर करून त्यांनी बाबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“थंड आहे,” ते म्हणाले.

…

“बाबा, हा थंड आहे.”

“व्हय.”

“कधीपासून?”

“मला बी कळलं नाही. तुला कळंल, आसं वाटलं हुतं.”

सारंगबुवा उठले.  ते दारात गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “घेऊन चला. कापा.”

“नक्की?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी विचारायलाच नको होतं तुम्हाला काही. चला लवकर.”

मग घाई झाली. डॉक्टरीणबाईंनी आत येऊन बाबांच्या गुडघ्यामागं बोटं दाबून धरली, जागा बदलून पुन्हा दाबली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“गुडघा वाचेल, असं मी आता सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीचंही तिथं गेल्यावरच कळेल.”

“तुमी च्या घेतला ना?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि बाहेरच्या माणसांना हाक मारली.

दोघा माणसांनी बाबांना उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. झोपवलं की श्वास लागायचा, म्हणून पाठीकडची बाजू उंच केली. मठातली चार माणसं जमली होती, ती ओवरीच्या कडेला उभी राहिली. पौर्णिमेचं काय, असं कुणीतरी कुजबुजलं. सारंगबुवांनी ते ऐकलं आणि वळून बघितलंही नाही.

गाडीचं मागचं दार उघडलं. स्ट्रेचर आत सरकवणार, तेवढ्यात सारंगबुवा पुढं झाले.

“एक मिनिट थांबा,” ते म्हणाले.

माणसं थांबली. स्ट्रेचर त्यांच्या हातांतच होतं. सारंगबुवांनी पायावरचं फडकं सारलं. आता त्यांना वासाची पर्वा नव्हती, लोक बघतायत याचीही नव्हती. या पायानं त्यांना इतकी वर्षं जगवलं होतं. तो आता जाणार होता, दवाखान्यात कुठंतरी जाळून टाकणार होते. त्याचा नीट निरोप घ्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी दोन्ही हातांनी टाच धरली आणि पुन्हा एकदा ओठ टेकायला ते वाकले.

सोमाजीबाबा कण्हत पुढं झुकले. त्यांनी हात लांब केला आणि अंगठ्याच्या व सारंगबुवांच्या तोंडाच्या मध्ये आपला तळवा धरला.

ओठ तळव्यावर टेकले. तळवा तापानं फणफणत होता.

सारंगबुवा तसेच राहिले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडं पाहिलं.

“सोड आता, सारंगा,” बाबा म्हणाले. “मेलेल्याचा मुका एकदाच घ्यायचा असतो.”